हुन्नर शिकायला सरकारी पैसा : बडोद्यातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात झाली. गुजरातेत आमच्या पदाला सुपरवायझर इन्स्ट्रक्टर म्हणतात. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी दांडिया बाजारात एका स्नेह्यांच्या ओसरीवर बसतो. मुलांचे फॉर्म भरायचे असलेले लोक कागद घेऊन येतात. रावपुऱ्यातून येतात, बाबाजीपुऱ्यातून येतात, अलीकडे मांजलपूर आणि वाघोडिया रोडवरूनही येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. एकेकाला सांगत बसलं की जून-जुलै निघून जातो, मुदत संपते आणि हक्काचे पैसे हातचे जातात. ते मला बघवत नाही.

सरकारी अनुदान म्हणजे पैसे मुलाच्या हातात येतात का?

थोडे येतात, बरेचसे येत नाहीत. इथेच पहिला गैरसमज होतो. हा पैसा तीन वाटांनी वाहतो.

पहिली वाट संस्थेकडे जाते. सरकारी आयटीआयमधला लेथ, वेल्डिंगचे सेट, शिकवणाऱ्यांचे पगार, वीज, कच्चा माल हे सगळं सरकार भरतं. तुम्हाला त्यातलं काही दिसत नाही, दिसते ती फक्त नाममात्र फी. लोक मला सांगतात, ‘काका, आम्हाला तर काहीच मदत मिळाली नाही.’ मी म्हणतो, पोरगा दोन वर्षं ज्या मशीनवर हात बसवतो त्या मशीनची किंमत एकदा विचारून या. सगळ्यात मोठी मदत हीच आहे आणि तिच्यासाठी वेगळा फॉर्मही नसतो.

दुसरी वाट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. ती शिष्यवृत्ती. तिला जात, उत्पन्न, गुण, मुलगी असणं, अपंगत्व अशा अटी असतात आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं.

तिसरी वाट कारखान्यातून जाते. अप्रेंटिस म्हणून लागलेल्या मुलाच्या स्टायपेंडमधला काही भाग सरकार देतं.

कुणी एखाद्या योजनेचं नाव सांगितलं की आधी एवढंच विचारा : हा पैसा कुणाच्या खात्यात पडतो? संस्थेच्या पडत असेल तर तुमचं काम फक्त चांगली संस्था निवडण्याचं. मुलाच्या पडत असेल तर कागदांच्या मागे लागा.

मुलगा दहावीला जेमतेम पास झाला. आयटीआय की डिप्लोमा? मदत कुठे जास्त मिळते?

मदत कुठे जास्त, यावरून कोर्स ठरवू नका. माझं सगळ्यांत ठाम मत हे आहे आणि ते मी दर रविवारी सांगतो. फुकट मिळाला म्हणून घेतलेला कोर्स मुलं अर्ध्यावर सोडतात. आधी मुलाला वर्कशॉप दाखवा. तरसालीला आणि गोरव्याला सरकारी आयटीआय आहेत, जाऊन बघता येतं. बेंच व्हाइसपाशी उभा राहून फाइल मारणारी मुलं बघताना त्याचे डोळे चमकतात का, की तो मोबाइल काढतो, ते बघा. मग ट्रेड ठरवा आणि त्यानंतर मदत शोधा.

कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आयटीआयची मूळ योजना, १९५० पासून चालू आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर आणि कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) एक वर्षाचे. काही ट्रेडना आठवी पासही चालतं. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, ते देशभर चालतं.

आणि आयटीआय ही गल्लीतली शेवटची भिंत नाही. आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याला आपल्याकडे ‘सी टू डी’ म्हणतात. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणं म्हणजे ‘डी टू डी’. ज्याला दहावीत गणिताने रडवलं तो वर्कशॉपमध्ये व्हर्नियर हातात घेऊन दशांश अपूर्णांक शिकतो, आणि मग तेच गणित डिप्लोमात सोडवतो. अशी मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

सरकारी, ग्रँट-इन-एड आणि खाजगी आयटीआय यांत फरक काय?

सरकारी म्हणजे सगळा खर्च सरकारचा. ग्रँट-इन-एड म्हणजे ट्रस्ट किंवा संस्था चालवते आणि सरकार ठरलेलं अनुदान देतं. खाजगी, म्हणजे स्वनिर्भर, तुमच्या फीवर चालते.

खाजगी म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. पण तपासणी दुप्पट करा. संस्था संलग्न असून भागत नाही, तुम्ही घेताय तो ट्रेड आणि त्यातल्या तेवढ्या जागा संलग्न असाव्या लागतात. हे प्रशिक्षण महानिदेशालयाच्या पोर्टलवर दिसतं. भिंतीवरच्या बोर्डावर ‘सरकारमान्य’ लिहिलंय, यावर विश्वास ठेवू नका.

आमच्याच वाड्यातल्या एका मुलाचं सांगतो. एका खाजगी संस्थेने त्याला ‘शिष्यवृत्तीतून सगळी फी परत मिळेल’ असं सांगून पूर्ण फी आधी भरून घेतली. वर्षअखेरीला कळलं की त्याची तुकडी संलग्नतेत नव्हतीच. शिष्यवृत्ती तर आली नाहीच, परीक्षेचं हॉल तिकीटही आलं नाही. त्याच्या आईने त्या फीसाठी पाटल्या मोडल्या होत्या. म्हणून मी प्रवेशाआधी पोर्टलवर संस्थेचा कोड स्वतः उघडून बघतो, आणि आईवडिलांनाही शेजारी बसवून दाखवतो.

डिप्लोमासाठी कोणत्या योजना बघाव्यात?

मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना ही गुजरात सरकारची, २०१५ पासूनची. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्याला ८० किंवा त्याहून जास्त पर्सेंटाइल हवा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत. ट्यूशन फीच्या निम्मी रक्कम किंवा २५,००० रुपये, यांतलं जे कमी ते मिळतं. पुस्तकांना आणि वसतिगृहाला वेगळी मदत आहे.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो, कारण तिच्यापायी कितीतरी मुलं फॉर्मच भरत नाहीत. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर पर्सेंटाइल रँक वेगळा छापलेला असतो. ८० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरांतल्या ऐंशी जणांच्या तुम्ही पुढे आहात. त्यासाठी ८० टक्के गुण लागतीलच असं नाही, पुष्कळदा बरेच कमी गुण पुरतात. ‘काका, तिला सत्तरच टक्के आहेत’ म्हणून परत निघालेल्या एका आईला मी जिन्यातून हाक मारून बोलावलं आणि गुणपत्रिका बघितली. मुलगी बसत होती.

दुसरी, ट्यूशन फी माफीच्या जागा. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणावरची केंद्राची परिषद, तिच्या नियमाने मान्यताप्राप्त कोर्समध्ये ५ टक्क्यांपर्यंत जादा जागा अशा असतात की ट्यूशन फी पूर्ण माफ. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि जागा गुणवत्तेवर मिळते. फॉर्म भरतानाच हा पर्याय निवडायचा असतो, प्रवेश झाल्यावर मागून मिळत नाही. परीक्षा फी, वसतिगृह वगैरे भरावंच लागतं.

मुलींसाठी प्रगती शिष्यवृत्ती. हीही एआयसीटीईची. डिप्लोमा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी अशीच सक्षम योजना आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. अर्ज भरला की काम संपत नाही, कॉलेजने तो पडताळून पुढे पाठवावा लागतो. आठवड्याने कॉलेजात जाऊन नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्याला, नम्रपणे विचारा. तिथे अडकलेला अर्ज कुणी आपणहून शोधत नाही.

आयटीआयला घातलं म्हटलं की नातेवाईक नाकं मुरडतात. काय सांगावं?

त्यांना राजमहाल रोडवरून कलाभवनपाशी घेऊन जा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते सुरू केलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य, रसायनशास्त्रातला जाणता माणूस. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तिथे शिकवले जात. विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत शिकवायचं, हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनलं. ज्या शहराच्या राजाने हाताच्या कामासाठी महालासारखी इमारत बांधली, त्या शहरातल्या मराठी माणसाने पान्याला हलकं समजावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही मूळचे महाराष्ट्रातले. जातीचा दाखला इथे चालेल का?

हा सगळ्यांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश वाचा.

अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या असतात. महाराष्ट्रात जी जात मागासवर्गीय आहे ती गुजरातच्या यादीत असेलच असं नाही. त्यातून बडोद्यातली मराठी घरं दोन प्रकारची. काही गायकवाडी काळापासून इथली, पाच-सहा पिढ्या झाल्या. काहींचे वडील रिफायनरी, जीएसएफसी किंवा मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला म्हणून आले. दोन्ही घरांत तेच आडनाव, पण कागद वेगळे.

तुमची जात गुजरातच्या यादीत असेल आणि घर पिढ्यान्‌पिढ्या इथलं असेल, तर दाखला गुजरातचाच मिळतो आणि इथल्या सगळ्या योजना लागू होतात. जुनं वास्तव्य सिद्ध करायला आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी मिळकत पत्रिका, रेशनकार्ड कामी येतं. ट्रंकेत पडलेला मोडीतला एखादा कागद लोक फेकून देतात. फेकू नका.

वडील नोकरीसाठी आले असतील तर जातीचा दर्जा मूळ राज्याचाच धरला जातो. दाखला तिकडच्या जिल्ह्यातून काढायचा. गुजरात राज्याच्या जातीवर आधारलेल्या शिष्यवृत्त्या त्यावर मिळत नाहीत. ऐकायला कडू आहे, पण दोन वर्षं खेटे घालून हेच कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

कुठल्याच यादीत नसलेल्यांसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र आहे. २०१९ पासून १० टक्के आरक्षण, उत्पन्न ८ लाखांच्या आत. हे प्रवेशाला उपयोगी पडतं, त्याने आपोआप पैसे मिळत नाहीत. गुजरातेत बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्या, वर्गासाठी वेगळं निगमही आहे, त्यांची शिक्षणासाठी स्वस्त व्याजाची कर्जं असतात. त्यासाठी बिनअनामत असल्याचा दाखला आधी काढावा लागतो.

पुण्याला चुलतभावाच्या मुलाला महाडीबीटीवरून पैसे मिळाले. आम्हालाही मिळतील का?

नाही. महाडीबीटी हे महाराष्ट्र सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, त्याला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम असा की विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, ते राज्य पैसे देतं, मग तो शिकायला कुठेही असो. तुमच्यासाठी गुजरात सरकारचं डिजिटल गुजरात पोर्टल. दोन्हीकडे अर्ज करून बघू, असं करू नका. दोन्ही अर्ज आधारला जोडलेले असतात.

अनुसूचित जातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आयटीआयलाही लागू आहे. केंद्राच्या नियमाने पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि खर्चात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के असा वाटा असतो.

अर्ज मंजूर दिसतोय, पैसे मात्र आले नाहीत. कुठे अडकले?

दहातल्या सात जणांचं हेच असतं. आणि कारण बहुधा दोनच : नाव किंवा बँक.

आधी नाव. आपली बडोद्याची मराठी नावं कागदागणिक रूप बदलतात. घरी सुरेश, शाळेच्या गुजराती दाखल्यात ‘सुरेशभाई’, जुन्या कागदात ‘सुरेशराव’, आधारवर नुसतं सुरेश. आईचं तसंच, एका कागदात ‘बेन’ आहे, दुसऱ्यात ‘बाई’, तिसऱ्यात काहीच नाही. त्यात गुजरातेत आडनाव आधी आणि बापाचं नाव शेवटी लिहायची पद्धत, आधारवर क्रम उलटा. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. जाधवच्या शेवटी एक अक्षर इकडचं तिकडे झालं की कॉम्प्युटरच्या लेखी तो दुसरा माणूस. ळ असलेल्या आडनावांचे हाल तर मी रोज बघतो, तेच अक्षर कधी एल, कधी डी होऊन उमटतं.

उपाय एकच : दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्या. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे लगेच अर्ज करा, जितका उशीर तितकं अवघड. आठवी-नववीत मूल असताना शाळेच्या रजिस्टरातलं नाव एकदा जाऊन वाचून या. दहा मिनिटांचं काम आहे, पुढची पाच वर्षं सुखाची जातात.

आता बँक. थेट लाभाचे पैसे तुम्ही फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ते आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि आधारशी शेवटचं जोडलेलं खातंच धरलं जातं. एका मुलीची प्रगतीची रक्कम येत नाही म्हणून सगळे हवालदिल झाले होते. शोधता शोधता कळलं, तिच्या मामाने गावाकडे मोबाइलवरून तिचं एक खातं उघडून दिलं होतं, आधार तिथे जोडला गेला, आणि ते खातं वापराविना बंद पडलं होतं. पैसे जाऊन परत फिरत होते. बँकेत जाऊन ‘आधार लिंक करा’ म्हटलं की पुष्कळदा फक्त केवायसीची नोंद होते. ‘एनपीसीआयला सीडिंग करून द्या’ असे शब्द वापरा, म्हणजे थेट लाभाचे पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद होते, आणि पोचपावती घ्या. सीडिंगची स्थिती आधारच्या संकेतस्थळावर स्वतः बघता येते.

उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा?

जनसेवा केंद्रात, मामलतदाराच्या सहीचा. गुजरातेत तो तीन वर्षं चालतो. मे महिन्यातच काढा, जूनमध्ये रांग रस्त्यापर्यंत येते.

अप्रेंटिस म्हणजे नोकरी का? स्टायपेंड कोण देतं?

नोकरी नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नव्हे. ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी माणसं धरून, अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. बडोद्यासारख्या गावात, जिथे मकरपुरा, नंदेसरी, सावली, पलीकडे हालोल असा पट्टा पसरलाय, तिथे ही संधी किती मोठी आहे याचा विचार करा. २०२४ च्या ऑक्टोबरात इथे सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. अशा ठिकाणी अचूक मापाचं काम करणारे हात लागतात.

राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना २०१६ ची. तिच्यात ठरलेल्या स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. पूर्वी ते कंपनीला परत मिळायचे, २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो. म्हणजे महिन्याला दोन ठिकाणांहून पैसे येणार. कंपनीकडून कमी आले म्हणून भांडायला जाण्याआधी पासबुकात दुसरी नोंद शोधा. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आहे, तिच्यात किमान स्टायपेंडचा निम्मा भाग सरकार देतं.

एक मात्र बघाच : पोर्टलवर करार नोंदला गेलाय का. करार नाही तर सरकारचा वाटा नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. ‘ट्रेनी’ म्हणून वर्षभर राबवून घेतलेली आणि शेवटी हातात साधं पत्र मिळालेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. करारावर सही झाली की त्याची प्रत घरी आणा. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते, तेही याच कायद्यात आहे. वर्ष संपल्यावर नोकरी देणं मात्र कंपनीवर बंधनकारक नाही.

माझं वय बेचाळीस. शिवणकाम येतं, कागद नाही. मला काही आहे का?

आहे, ताई. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, मूर्तिकार असे १८ हुन्नर तिच्यात आहेत. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. पुढे तारणाशिवाय आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजाने.

अटी : वय १८ पूर्ण, घरातल्या एकालाच लाभ, आणि घरात सरकारी नोकरीत कुणी नसावं. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर बोटांचे ठसे देऊन होते. मग शहरात महापालिका, नंतर जिल्हा समिती, शेवटी छाननी समिती अशी तीन टप्प्यांत तपासणी होते. वेळ लागतो, धीर सोडू नका. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या आपल्या घरांनी ही योजना बघावीच. बाप्पाच्या हंगामानंतरचे महिने त्यांना अवघड जातात आणि अवजारं तर वर्षभर लागतात.

शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थान आहे, १५ ते ४५ वयाच्यांसाठी. लहान मुदतीचे फुकट कोर्स हवे असतील तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. कोर्स निवडताना तीन महिन्यांनी हातात काय येणार आहे, काम की नुसता कागद, हे आधीच्या तुकडीतल्या दोघी-तिघींना भेटून विचारा.

आमच्या मंडळाला शिवण आणि इलेक्ट्रिकचे वर्ग काढायचे आहेत. सरकार अनुदान देईल का?

देऊ शकतं, पण ‘वर्ग काढतो, पैसे द्या’ असं होत नाही. सरकारी पैसा जवळजवळ नेहमी झालेल्या कामावर आणि हप्त्यांनी येतो. मुलं दाखल झाली, हजेरी पोर्टलवर पडली, परीक्षा झाली, की पुढचा हप्ता. म्हणजे पहिले काही महिने खर्च तुमचा. ही तयारी नसेल तर उतरू नका. चांगल्या मनाने सुरू केलेले वर्ग जागेच्या भाड्यापायी बंद पडतात.

कागद : ट्रस्टची नोंदणी, पॅन, गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. अनुदान मिळाल्यावर वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ज्या कामासाठी पैसे दिले त्याच कामावर खर्च झाले, असं त्यात लिहून द्यायचं. शिवणयंत्रांच्या पैशातून मंडपाचं भाडं भरलं, हेतू कितीही चांगला असला तरी, तर पुढची दारं बंद. प्रत्येक अनुदानाचं वेगळं खातं आणि वेगळी वही ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी स्वतःचं केंद्र काढूच नका. मान्यता असलेल्या संस्थेला तुमचा हॉल द्या, मुली गोळा करून द्या, हजेरीवर लक्ष ठेवा. यंत्रांसाठी जवळच्या कारखान्याकडे सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी मागा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के अशा कामांवर खर्च करावेच लागतात आणि कौशल्य शिक्षण त्या यादीत आहे. एक वर्ष असं निभावलं की अर्जात लिहायला काहीतरी खरं हाती येतं.

आयटीआय सुधारणार असं ऐकलं. ते काय आहे?

पीएम-सेतू. ४ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली, ६०,००० कोटींची. त्यात केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,००० कोटी. देशातल्या १,००० सरकारी आयटीआय सुधारायच्या आहेत. २०० मुख्य, आणि त्यांना जोडलेल्या ८००. हा पहिल्या वाटेचा पैसा आहे, तुम्हाला अर्ज करायचा नाही. शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला एवढंच हवंय की नव्या मशीनबरोबर ती चालवता येणारे शिक्षकही भरले जावेत.

खाजगी कोर्सची फी मोठी आहे आणि कुठलीच शिष्यवृत्ती बसत नाही. मग?

कौशल्य कर्ज योजना आहे. २०२४ मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर गेली. पण कर्ज ते कर्जच. आधी सरकारी आयटीआयच्या प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्या तपासा, जागा पुष्कळदा रिकाम्या राहतात.

एकजण ‘दोन हजार द्या, शिष्यवृत्ती मंजूर करून देतो’ म्हणतोय.

देऊ नका. ओटीपी तर मुळीच सांगू नका.

रविवारी येताना काय आणायचं?

मुलाला आणा, नुसते आईवडील नकोत, कारण फॉर्म त्याचा आहे आणि पासवर्ड त्याने लक्षात ठेवायचाय. दहावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला आणि असल्यास जातीचा. आधारशी जोडलेला मोबाइल चार्ज करून आणा, अर्ध्या लोकांचा ओटीपी घरी राहिलेल्या फोनवर जातो. आजोबांचे जुने कागद असतील तर तेही पिशवीत टाका. साडेनऊला मी बसलेला असतो.